वृक्षारोपण की वृक्षविसर्जन?

उज्जयिनीस दोन पिढ्यांपासून स्थायिक झालेल्या आमच्या काही मराठी स्नेह्यांनी आम्हांस एक पत्रक लिहून देण्याची विनंती केली. २०२८ साली शिप्रेच्या काठी सिंहस्थ भरावयाचा आहे. तत्पूर्वी रामघाटापासून नदीच्या वरच्या अंगाला दोन्ही काठांनी एक हजार आठ रोपे लावावीत, आषाढातल्या एका रविवारी सकाळी सातास आरंभ करून दुपारी बारापर्यंत काम संपवावे, आणि या पुण्यकार्यास हातभार लावण्याचे आवाहन साऱ्या समाजास करावे, असा त्यांचा संकल्प. वकिलास चार शब्द नीट लिहिता येतात असा एक समज लोकांत रूढ आहे, म्हणून हे काम आमच्याकडे आले. मंडळी सज्जन, हेतू निर्मळ, खर्चही बेताचा. तरीही पत्रक आम्ही लिहून दिले नाही. का दिले नाही, हे त्यांना रामघाटाच्या पायऱ्यांवर बसून तोंडी सांगितले. ते त्यांस फारसे रुचले नाही. परंतु हा प्रश्न एकट्या उज्जयिनीचा नसून गावोगावचा आहे, म्हणून तेच येथे लेखी मांडतो.

पत्रकाच्या मजकुरासाठी जे टिपण आमच्या हाती दिले, त्याला खर्चाचा अंदाज जोडलेला होता. कोणताही दस्तऐवज शेवटच्या पानापासून वाचावयाचा, ही आमच्या धंद्याची खोड. त्या अंदाजात मांडव होता, ध्वनिक्षेपक होता, कापडी फलक होते, प्रमुख पाहुण्यांचे जाणे-येणे, मुलांचा अल्पोपहार, छायाचित्रकार, रोपे, खड्डे, सर्व काही होते. पाण्याच्या नावाने मात्र एक ओळ नव्हती. कुंपणाच्या नावाने नव्हती. रविवारी दुपारी बारानंतर ही एक हजार आठ रोपे कोणाच्या हवाली व्हावयाची, याचा कोठेही उल्लेख नव्हता. आम्ही विचारले, तेव्हा उत्तर मिळाले, "पुढचे पाऊस बघून घेईल." पाऊस चार महिने बघतो. उरलेल्या आठ महिन्यांचे काय?

आम्ही हे शहाणपण वरच्या पायरीवरून सांगत नाही. आमचे हात स्वच्छ नाहीत. काही वर्षांपूर्वी आमच्या गावी आम्हां वकील मंडळींनी असाच एक समारंभ केला होता. एक्कावन्न रोपे लावली. खजिनदार आम्हीच होतो, आणि हिशेब पैशापर्यंत जुळला होता. त्या दिवशीचे छायाचित्र आजही आमच्या बैठकीच्या खोलीत आहे. त्यात आमच्या हाती झारी आहे आणि चेहऱ्यावर कृतार्थतेचा भाव आहे. पुढल्या जूनमध्ये सहज मोजणी केली, तेव्हा चार रोपे जिवंत निघाली. त्यांपैकी तीन एका चहावाल्याच्या टपरीलगतची होती. तो पेले विसळलेले पाणी रोज त्यांच्या मुळाशी ओतीत असे. समारंभास त्याला बोलावणे नव्हते आणि छायाचित्रात तो नाही. उरलेली सत्तेचाळीस रोपे आम्ही मारली, असे म्हणावयास आम्हांस संकोच वाटत नाही. तहानेने मरू दिलेले रोप हे मारलेलेच रोप होय.

आता हेच चित्र देशाच्या मापाने पाहावे. १९५० साली कन्हैयालाल मुनशी यांनी वनमहोत्सवाचा उपक्रम देशभर सुरू केला. हेतू थोर होता. परंतु महोत्सव या शब्दातच एक धोका दडलेला असतो: तो साजरा केला जातो आणि संपतो. पंच्याहत्तर वर्षांत त्या महोत्सवाचे आकडे वाढत गेले. २०१६ च्या जुलैत उत्तर प्रदेशात एका दिवसात सुमारे पाच कोटी रोपे लावल्याचा विक्रम जाहीर झाला. पुढल्याच वर्षी, २ जुलै २०१७ रोजी, मध्य प्रदेशाने नर्मदेच्या खोऱ्यात बारा तासांत सहा कोटींहून अधिक रोपे लावल्याचे सांगितले. महाराष्ट्र सरकारने २०१९ च्या एका पावसाळ्यासाठी तेहेतीस कोटींचे उद्दिष्ट ठेवले. १४ जुलै २०२४ रोजी उज्जयिनीच्या शेजारच्या इंदुराने एका दिवसात अकरा लाखांहून अधिक रोपे लावून आपले नाव विक्रमांच्या नोंदीत घातले. या साऱ्या विक्रमांचे एक वैशिष्ट्य वाचकांच्या ध्यानी आले असेल: ते तासांत मोजलेले आहेत. झाड ही वस्तू तासांत मोजावयाची नाही. बारा तासांत किती खड्डे भरले, हा मजुरीचा हिशेब झाला. बारा वर्षांनी किती सावली पडली, हा झाडाचा हिशेब.

या दिवशी राबणारे हजारो हात ढोंगी असतात, असे आम्ही म्हणत नाही. शाळेतली पोर चिखलात गुडघे टेकून रोप लावते, तेव्हा तिच्याइतके प्रामाणिक त्या मैदानावर दुसरे कोणी नसते. आमचा आरोप तिच्यावर नाही. ज्यांनी तिला त्या दिवशी तेथे आणले आणि दुसऱ्या दिवशी परत नेले नाही, त्या प्रौढांवर आहे. तिचे रोप वाळल्याचे तिला कोणी सांगत नाही. पुढल्या वर्षी त्याच खड्ड्यात तिच्याकडून दुसरे रोप लावून घेतात.

कोणी म्हणेल, वाळली तर वाळली. त्यात कोणाचे काय गेले? या प्रश्नाचे उत्तर अधिक कटू आहे. न मोजलेली रोपे हे आज एक चलन झाले आहे, आणि त्या चलनात उभी झाडे विकत घेतली जातात. २०२५ च्या अखेरीस नाशिकच्या तपोवनात, तेथल्या सिंहस्थाच्या साधुग्रामासाठी, सतराशेंहून अधिक झाडे तोडण्याचा प्रस्ताव पुढे आला. नाशिककर रस्त्यावर उतरले. त्यांच्या समजुतीसाठी काय सांगण्यात आले? की तोडल्या झाडांच्या बदल्यात कितीतरी पट रोपे अन्यत्र लावू. हे वाक्य आता इतके सरावाचे झाले आहे की त्यातील अन्याय कानाला खुपत नाही. कायदेमंडळांनाही या अदलाबदलीची अडचण कळलेली आहे. महाराष्ट्राच्या १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यात २०२१ साली जी दुरुस्ती झाली, तिने झाडाच्या वयाइतकी रोपे बदली लावावीत असा दंडक घातला. साठ वर्षांच्या वडास साठ रोपे. विचार चांगला, पण साठ रोपांतून पहिल्या उन्हाळ्यानंतर तीनच उरली तर तो वड फुकट गेला, आणि कागदावर मात्र कर्ज फिटले. म्हणून आम्ही म्हणतो, जो समाज आपली रोपे मोजीत नाही, तो आपली झाडे तोडावयास परवाना देतो.

आमच्याच भाषेत या विषयावर तीनशे वर्षांपूर्वी कोणी अधिक नेमके लिहून ठेवले आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराच्या प्रकरणी लाकडाचा विषय येतो. आरमारास लाकूड हवेच. तरी स्वराज्यातील आंबे-फणसांस हात लावू नये, असे अमात्य बजावतात, आणि कारण देतात ते काळाचे: ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती पोटच्या पोरांप्रमाणे वाढविलेली असतात. अगदी जीर्ण झालेले झाड हवे असेल, तर धन्यास राजी करून, द्रव्य देऊन घ्यावे. येथे झाडाला धनी आहे, त्याची संमती आहे, मोबदला आहे, आणि सर्वांत मुख्य म्हणजे वाढविण्याच्या कष्टांची जाणीव आहे. लावणाऱ्याची स्तुती अमात्यांनी केली नाही. वाढविणाऱ्याचा हक्क सांगितला.

व्यासपीठावर मात्र पुराणातला दाखला हमखास निघतो की एक झाड दहा पुत्रांच्या तोलाचे. दाखला खरा आहे. परंतु पुत्र जन्मास घालून घाटाच्या पायरीवर सोडून जाणाऱ्या पित्यास आमच्या शास्त्रात कोणते पुण्य सांगितले आहे?

येथे आम्ही आमच्या शास्त्राकडे, म्हणजे कायद्याकडे वळतो. १९२५ साली प्रमथनाथ मलिक विरुद्ध प्रद्युम्नकुमार मलिक या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने देवमूर्ती ही कायद्याच्या दृष्टीने व्यक्ती आहे, हे तत्त्व निःसंदिग्धपणे मान्य केले. मूर्तीला स्वतःचे हित आहे, पण ती बोलत नाही, सही करीत नाही, भुकेली असता मागत नाही; म्हणून तिच्या वतीने पाहणारा सेवेकरी लागतो, आणि तो तिला उत्तरदायी असतो. कायदा तिला अज्ञान बालकाप्रमाणे सांभाळतो. या तत्त्वाचा विस्तार करून उत्तराखंडाच्या उच्च न्यायालयाने मार्च २०१७ मध्ये गंगा-यमुनांस व्यक्ती म्हटले. त्या निर्णयास सर्वोच्च न्यायालयाने जुलैत स्थगिती दिली. राज्याचा आक्षेप बराचसा पालकत्वाविषयीच होता: अनेक राज्यांतून वाहणाऱ्या नदीची जबाबदारी एकाने कशी घ्यावी? आक्षेप खोटा नव्हता. नुसते नाव देऊन कोणी व्यक्ती होत नाही. तिच्यासाठी जाब देणारा माणूस नेमावा लागतो.

रोपाचे नेमके हेच आहे. लावल्या दिवसापासून किमान तीन उन्हाळे ते अज्ञान बालक असते. मध्य प्रदेशात २००१ पासून नगरांतील वृक्षांच्या परिरक्षणाचा कायदा आहे. परवानगीवाचून झाड तोडणारा त्या कायद्याखाली गुन्हेगार ठरतो. परंतु समारंभाने एक हजार आठ बालके दत्तक घेऊन दुपारी बारा वाजता त्यांस सोडून जाणाऱ्यास कोणत्याही कलमाखाली धरता येत नाही. जे कायद्याला जमत नाही, ते समाजाने स्वतःवर बांधून घ्यावयाचे असते. सामुदायिक कार्य या शब्दाचा आम्हांस तरी दुसरा अर्थ ठाऊक नाही.

आणि हा अर्थ आम्हां कोकणच्या माणसांनी बाहेरून शिकावयाचा नाही. गोव्याच्या गावकारीकडे पाहावे. १५२६ साली अफोन्सो मेशियाने तिचे रीतिरिवाज फोरालात नोंदविले, तेव्हा ती संस्था आधीच जुनी होती. खारे पाणी अडवून शेते राखणारे खाजणांचे बांध शतकानुशतके टिकले, ते उद्‌घाटनाने नव्हे. बांध कोणी बघावयाचा, खचला तर कोणी माती टाकावयाची, खर्च कोणावर बसावयाचा, हे ठरलेले होते म्हणून टिकले. जेथे ही व्यवस्था मोडली, तेथे बांध फुटले आणि शेतात खारफुटी आली. देवराईचेही तेच. देवराईत कोणी वृक्षारोपणाचा सप्ताह साजरा केल्याचे आम्ही ऐकलेले नाही. तेथे वाळल्या फांदीसाठीसुद्धा देवाचा कौल मागावा लागे, इतकेच. गावकारीने राखणदार नेमला, देवराईने भीती नेमली. आमच्या समारंभाने काय नेमले? छायाचित्रकार.

रामघाटावर बसून हे बोलताना आम्हांस एका कोकणच्या माणसाची आठवण होणे स्वाभाविक होते. उज्जयिनीचे आजचे महाकालेश्वराचे मंदिर अठराव्या शतकात ज्यांनी उभे केले, ते राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी सुखटणकर. मंदिर आज उभे आहे, ते त्यांनी पाया घातला एवढ्यावरच नव्हे. नित्य पूजा, दिवाबत्ती, डागडुजी यांची तजवीज पिढ्यान्‌पिढ्या होत आली म्हणून. दगडाच्या देवळास जर इतकी निगा लागते, तर हिरव्या रोपास पावसाच्या हवाली करून आम्ही कसे निश्चिंत होतो?

आता प्रत्यक्ष जागेविषयी बोलू. रामघाट म्हणजे दगडी पायऱ्या. पावसाळ्यात शिप्रा चढली की काठची लहान देवळे पाण्याखाली जातात. पुराच्या रेषेत आषाढात लावलेले वीतभर रोप श्रावणात वाहून जाणार, हे घाटावरचे लहान मूलही सांगेल. सिंहस्थासाठी सुमारे एकोणतीस किलोमीटर नव्या घाटांची योजना आखली गेली आहे. म्हणजे जेथे रोप लावू, तेथे उद्या फरशी येणार नाही याची लेखी हमी आधी हवी. काठावरची माती काळी: पावसात तुंबते आणि वैशाखात भेगाळते, त्या भेगांत कोवळी मुळे तुटतात. आणि नदी? कालिदासाने जिच्या पहाटवाऱ्याचे कौतुक केले, तिच्यात पावसाळा सरला की पाणी आणून सोडावे लागते. २०१४ साली नर्मदेचे पाणी उचलून इंदूरजवळच्या उज्जैनी गावी शिप्रेच्या उगमाशी सोडण्याची योजना सुरू झाली, आणि २०१६ च्या सिंहस्थात भाविकांनी मुख्यत्वे त्याच पाण्यात स्नान केले. पावलोपावली पाणी म्हणून ज्याची ख्याती होती त्या माळव्याची ही अवस्था. तेव्हा झाडांची खरी निकड घाटावर नसून उगमाकडच्या उघड्या टेकड्यांवर, ओढ्यानाल्यांच्या काठी आणि पंचक्रोशीच्या वाटेवर आहे. तेथे छायाचित्र तितके चांगले येत नाही, हे आम्ही कबूल करतो.

झाडे कोणती, याचे उत्तर नदीकाठीच लिहिलेले आहे: अर्जुन, उंबर, जांभूळ, करंज, वाटेवर वड, पिंपळ, कडुनिंब. लवकर वाढतात म्हणून परदेशी शोभेची झाडे आणणे म्हणजे घरच्या मुलांस उपाशी ठेवून पाहुण्यास जेवू घालणे होय.

पाण्याचा हिशेब आम्ही एका अनुभवी माळ्याकडून करून घेतला. काळ्या मातीतल्या रोपास आठवड्यास दोन वेळा दहा-दहा लिटर पाणी द्यावयाचे, असे कार्तिकापासून ज्येष्ठापर्यंत सुमारे तीस आठवडे. म्हणजे रोपामागे वर्षास सहाशे लिटर. एक हजार आठ रोपांस सहा लाखांहून अधिक लिटर, पाच हजार लिटरच्या टाकीच्या सव्वाशेच्या आसपास खेपा, आणि असे तीन उन्हाळे. हा आकडा ऐकून आमचे स्नेही गप्प झाले. ते गप्प झाले, याचा आम्हांस आनंद वाटला. कारण कोणत्याही सामुदायिक कार्याचा आरंभ अशाच गप्प होण्यापासून व्हावयास हवा.

मग त्यांतील एक वयोवृद्ध गृहस्थ म्हणाले, "वकीलसाहेब, तुम्ही लोकांचा उत्साह मारता." हा आक्षेप गंभीर आहे. उत्साह हे समाजाचे भांडवल आहे, हे आम्हांस मान्य. परंतु भांडवल वारंवार बुडीत खात्यात गुंतवले की दिवाळे निघते. तीन वर्षे ज्याने वाळलेली रोपे पाहिली, तो चौथ्या वर्षी हसतो. उत्साह आम्ही मारीत नाही. तो दरवर्षीच्या त्या वाळल्या खड्ड्यांत मरतो. दुसरे एक म्हणाले, "हजारांतून शंभर तर जगतील?" मग शंभरच लावावीत, आणि नऊशेंचे पाणी त्या शंभरांस द्यावे. तिसरे म्हणाले, "हे नगरपालिकेचे काम." तसे असेल तर सामुदायिक हा शब्द पत्रकातून काढून टाकावा.

आमचा प्रस्ताव साधा आहे. एक हजार आठ नकोत, एकशे आठ पुरेत. त्यांस वर्षास तेरा टाक्या पाणी लागेल. ते कोणाच्याही आवाक्यातले आहे. प्रत्येक रोपास एक पालक, नावानिशी, आणि तो गावी नसेल तेव्हा त्याच्या जागी उभा राहणारा दुसरा. पाणी घालणाऱ्या माणसास रोख वेतन, कारण फुकटच्या कामास कोणी जाब विचारू शकत नाही. आणि या सर्वांची एक वही. रामघाटावर तीर्थोपाध्यायांच्या वह्या आहेत. आमच्या आज्या-पणज्यांची नावे त्यांत आहेत, कोण कोणत्या साली आला, कोणाचे श्राद्ध करून गेला, हे सारे तेथे सापडते. इतक्या निष्ठेने मेलेल्यांची नोंद ठेवणाऱ्या घाटास जिवंत रोपांची नोंद जड जाऊ नये. मेलेले रोपही त्या वहीत लिहावे, कारणासह आणि पालकाच्या नावासह.

मुदत किती? सिंहस्थ ते सिंहस्थ. २०२८ च्या यात्रेकरूंस या रोपांची सावली मिळणार नाही, हे आजच स्पष्ट सांगावे. ५ मे २०१६ रोजी सिंहस्थाच्या मेळ्यात वादळाने मांडव कोसळून माणसे दगावली; वैशाखातल्या गर्दीस आसरा किती मोलाचा, हे त्या वर्षी ज्यांनी पाहिले ते विसरणार नाहीत. पण झाडाचा आसरा दोन वर्षांत उभा राहत नाही. आमची रोपे २०४० च्या यात्रेकरूंसाठी आहेत. मोजणी त्या वर्षी व्हावी, सत्कार झालाच तर त्या वर्षी व्हावा, आणि तो पाणी घालणाऱ्याचा व्हावा.

रामघाटावरून उठून आम्ही सिद्धवटाकडे गेलो. मोगल अमलात तो तोडून वर लोखंडी तवे ठोकले आणि ते फोडून तो पुन्हा फुटला, अशी आख्यायिका तेथे सांगतात. आमच्यासोबतचे एक तरुण स्नेही ती ऐकून म्हणाले, "पाहा, झाडाला काही लागत नाही, ते आपले जगते." आम्ही त्यांस बुंध्याकडे पाहावयास सांगितले. ओल्या मातीभोवती रांग होती, आणि रांगेतील प्रत्येकाच्या हाती पाण्याचा नाहीतर दुधाचा गडू होता. ज्या झाडाचे पालकत्व इतक्यांनी घेतले आहे, ते तवे फोडील यात नवल कसले?

या अटी आमच्या स्नेह्यांस मान्य असतील, तर पत्रक आम्ही आनंदाने लिहून देऊ. त्यात आवाहन थोडे असेल आणि करार अधिक. वहीच्या पहिल्या पानावर तीन रोपांपुढे आमचे नाव घालावे. तीन उन्हाळ्यांच्या पाण्याचे पैसे आम्ही आगाऊ पाठवीत आहोत. २०४० साली आम्ही साठीच्या घरात असू. तेव्हा घाटावर येऊन आम्ही प्रथम ती वही मागू.